भोक पाडण्याआधी

प्रश्न : मी घरूनच शाळांची आयकार्डं छापून देते. ड्रॅगन शीट (कार्ड छापायचं प्लॅस्टिक), त्याचे थर तापवून चिकटवणारं फ्यूझिंग मशीन, कटर सगळं घेतलं आहे. कटरवाला सांगतो कार्ड ८६ बाय ५४ मिमी. इंटरनेटवर दिसतं ८५.६० बाय ५३.९८. खरं कोणतं? दुसरं, एका कारखान्याला हजेरीच्या टॅप कार्डांवर नाव-फोटो छापून दोरीसाठी वर भोक पाडून हवं आहे. पाडू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी दुसऱ्याचं सांगते. पंच हातात घेतला असेल तर खाली ठेवा.

बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एका ठिकाणची १२० हजेरी कार्डं आली होती. शाळेच्या कार्डाला पाडते तसं प्रत्येकाला वर मधोमध लांबट भोक पाडलं, दोऱ्या ओवल्या आणि पोहोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की एकही कार्ड मशीनवर लागत नाही. सगळी कार्डं मी भरून दिली. त्या आठवड्यात मला झोप नव्हती, म्हणून हे इतकं कळकळीनं लिहिते आहे.

टॅप कार्डाच्या पोटात बारीक तारेचे वेढे असतात. बॅटरी नसते, समोरचं मशीन लहरी सोडतं, त्यांतून त्या वेढ्यांत वीज येते आणि चिप जागी होते. मेट्रोचं किंवा बँकेचं टॅप कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. त्याचे वेढे सहसा कडेकडेनं फिरवतात. प्रमाणित आखणीत बाहेरची चौकट ८१ बाय ४९ मिमी आणि आतली ६४ बाय ३४. आता वजाबाकी करा. वरच्या कडेपासून साधारण अडीच मिमीवर तारेचा पट्टा सुरू होतो आणि दहा मिमीपर्यंत जातो. आपला पंच नेमका तिथेच बसतो. एक वेढा तुटला की कार्ड मेलं, ते सांधता येत नाही.

हजेरीची काही कार्डं वेगळ्या जातीची असतात, त्यांत गोल वेटोळं आत कुठेतरी असतं. म्हणून कार्ड पांढरं असेल तर छापण्याआधीच अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरा. तारेची सावली बहुतेक वेळा दिसते. दिसली नाही तर भोक नाही, असा नियम ठेवा आणि गिऱ्हाइकाला होल्डर सुचवा. होल्डरचे चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

आता मापाचं. ८६ बाय ५४ हे बोलायचं माप. आयएसओ ७८१० या मानकात या कार्डाला आयडी-१ म्हणतात. एटीएम कार्ड, पॅन, लायसन्स सगळी याच मापाची. न वापरलेल्या कार्डाची लांबी ८५.४७ ते ८५.७२ आणि रुंदी ५३.९२ ते ५४.०३ मिमी चालते. ५३.९८ हा आकडा विचित्र दिसतो, पण इंचात तो दोन इंच एक सूत, म्हणजे दोन इंच आणि इंचाचा आठवा भाग! तेव्हा पूर्ण ८६ चं कार्ड मर्यादेपेक्षा पाव मिमीहून जास्त लांब झालं. गळ्यात अडकवायला हरकत नाही. खाचेत जाणाऱ्या कार्डाला आहे.

लांबी-रुंदीपेक्षा जाडी जपा. ती ०.७६ मिमी हवी, ०.०८ इकडे-तिकडे. फ्यूझिंग झाल्यावर कार्ड पूर्ण गार होऊ द्या आणि मगच व्हर्निअरनं मोजा. कोपऱ्याची त्रिज्या साधारण ३.१८ मिमी असते. तुमचं कार्ड एटीएम कार्डावर ठेवून कोपऱ्यावरून बोट फिरवलंत तरी फरक कळेल. फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०११ बाय ६३८ पिक्सेल करा आणि चहूबाजूंनी कापणीसाठी जास्तीचा रंग सोडा. मुलांची नावं कडेला चिकटवू नका. ‘शिंदे’चा वरचा वेलांटीचा फराटा कापला गेला की ते पोर वर्षभर तसंच कार्ड घालून हिंडतं.

प्रश्न : आधारचं पीव्हीसी कार्ड टिकावं म्हणून मी लॅमिनेट करून घेतलं. एटीएम कार्डही करावं का? आणि सगळी कार्डं एका मापाची, मग पासपोर्टच का मोठा?
— निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : गुरुजी, एटीएम कार्ड अजिबात करू नका. १२५ मायक्रॉनचं पाऊच दोन्ही बाजूंनी लागलं की पाव मिमी वाढतो. ०.७६ चं कार्ड १.०१ होतं आणि मर्यादा ०.८४ ची. ते यंत्रात अडकेल. शिवाय पाऊचखाली चिपचे सोनेरी संपर्क झाकले जातात, आणि लॅमिनेशनच्या उष्णतेनं पीव्हीसी वाकतं ते वेगळंच. आधार कार्ड खाचेत घालायचं नसतं, त्यामुळे तुमचं काम अडणार नाही; फक्त क्यूआर कोडवर पाऊचची चकाकी आली तर स्कॅन करताना कार्ड थोडं तिरकं धरायला सांगा. बाकी कार्डांना मऊ प्लॅस्टिकची पिशवी पुरते.

पासपोर्टचं माप आयडी-३, १२५ बाय ८८ मिमी. त्यात व्हिसाचे शिक्के बसायला जागा लागते. फोटोच्या पानावर तळाशी ‘<’ खुणांच्या दोन ओळी असतात ना, त्या यंत्रानं वाचायच्या, प्रत्येकीत ४४ अक्षरं. एटीएम कार्डाएवढ्या ओळखपत्रावर तोच मजकूर ३०-३० अक्षरांच्या तीन ओळींत घालावा लागतो.

प्रश्न : सिमकार्ड नखाएवढं, मग ते एटीएम कार्डाएवढ्या प्लॅस्टिकमध्ये का येतं?
— इयत्ता नववी, कुडाळ

उत्तर : बाळा, फार छान पाहिलंस. १९९१ मध्ये पहिली सिमकार्डं आली ती अख्ख्या एटीएम कार्डाएवढीच होती, तशीच्या तशी फोनमध्ये सरकवायची. फोन लहान होत गेले तसं कडेचं प्लॅस्टिक कापलं गेलं : २५ बाय १५ मिमी, मग १५ बाय १२, आता १२.३ बाय ८.८. चिप बसवायची आणि छपाईची यंत्रं मात्र मोठ्या कार्डाच्या मापाची बनलेली, म्हणून कार्ड अजूनही अनेकदा त्याच चौकटीत तयार होतं. सिम काढून उरलेली मोठी चौकट घरात असेल तर आईच्या एटीएम कार्डावर नीट कडा जुळवून ठेव. सिमच्या रिकाम्या खिडकीतून खालची सोनेरी चिप दिसेल.