ग्लोव्ह्जची नाडी बांधणारे आजोबा

प्रश्न : मी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये राहते. आमच्या शेजारचे आजोबा गेल्या आठवड्यात गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते. पोलादाच्या कारखान्यात नोकरी, शनिवारी रग्बी लीग आणि तरुणपणी बॉक्सिंगच्या लढती. माझ्या मुलीला ग्लोव्ह्ज घालायला त्यांनीच शिकवलं. अंत्यसंस्काराच्या वेळी पाच मिनिटं बोला, असं त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलंय. मला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही. काय बोलू?

उत्तर : ताई, घरच्यांना तुमच्याकडून सामन्यांचे निकाल नको आहेत. ते सांगायला त्यांचे जुने सोबती असतील. तुम्ही कुंपणापलीकडून जो माणूस पाहिलात, त्याच्याबद्दल बोला.

फक्त एक चूक होऊ देऊ नका. नुसतं ‘रग्बी’ म्हणू नका, ‘रग्बी लीग’ म्हणा. तो रग्बीतून फुटून निघालेला वेगळा खेळ आहे. १८९५ साली इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून फुटून निघाले. त्यांच्याकडून खेळणारे खाणीत आणि गिरण्यांत राबायचे. सामन्यासाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यायची परवानगी मिळावी एवढंच क्लबांचं मागणं होतं, आणि संघटनेने ते नाकारलं. या भांडणातून रग्बी लीग जन्माला आली. सिडनीत तिची स्पर्धा १९०८ पासून सुरू झाली. पोलाद गाळणाऱ्या गावातल्या कामगाराला हाच खेळ आपला वाटला, याचं मूळ तिथे आहे. मला हा भाग फार जवळचा वाटतो, म्हणून जरा लांबलो.

रग्बी लीग आणि बॉक्सिंग दोन्ही एकत्र खेळणारा एक मोठा माणूस तुमच्याच गावचा. हर्ब नार्वो. जन्म १९१२, न्यूकॅसल. १९३७-३८ च्या दौऱ्यात तो ऑस्ट्रेलियाकडून ब्रिटन आणि फ्रान्समध्ये खेळला. १९४३ मध्ये सिडनीच्या न्यूटाउन संघाने अंतिम सामन्यात नॉर्थ सिडनीला ३४-७ असं हरवलं, त्या संघात तो होता. १९४५ मध्ये तो ऑस्ट्रेलियाचा हेवीवेट बॉक्सिंग विजेता झाला आणि लगेच पुढच्या वर्षी सेंट जॉर्ज संघाचा कर्णधार आणि प्रशिक्षकही. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात बालमेनने सेंट जॉर्जला १३-१२ असं हरवलं. एका गुणाने! नार्वो १९५८ मध्ये गेला, पन्नाशीही गाठली नव्हती. तुमचे आजोबा तेव्हा विशीच्या आतले असणार. खेळणाऱ्या पोरांच्या कानावर हे नाव नक्की असेल. घरच्यांना विचारून बघा, आजोबा त्याचं नाव काढायचे का.

अलीकडे अँथनी मंडाइनने २००० मध्ये ऐन बहरात रग्बी लीग सोडली, रिंगमध्ये उतरला आणि पुढे जागतिक किताबही मिळवला. पण आधी एक आणि मग दुसरं, असा त्याचा मार्ग. तुमच्या आजोबांच्या पिढीतला माणूस आठवडाभर कारखान्यात घाम गाळून दोन्ही करायचा.

त्या अंगमेहनतीची कल्पना यावी म्हणून सांगतो. त्यांच्या तरुणपणी टॅकलला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून आडवं पाडण्याला, मर्यादा नव्हती. संघाकडे चेंडू आहे तोवर प्रतिस्पर्धी आडवं पाडणार, तुम्ही उठून पुन्हा धावणार, असं कितीही वेळ चालायचं. चार वेळा आडवं पडेपर्यंतच चेंडू आपल्याकडे, असा चार टॅकलचा नियम १९६७ मध्ये आला, सहाचा त्यानंतर काही वर्षांनी. आजोबा जुन्या आणि नव्या दोन्ही नियमांखाली खेळले असतील, तर त्यांच्या सोबत्यांकडे सांगण्यासारखं पुष्कळ निघेल.

बॉक्सिंगबद्दल मात्र मी स्वतःच्या अनुभवावरून बोलतो. तरुणपणी दोन वर्षं मी ग्लोव्ह्ज घातले. नाकावर ठोसा बसला की डोळ्यांतून आपोआप पाणी वाहतं, समोरचा धूसर दिसतो, आणि तरीही डोळे मिटायचे नाहीत, हे शिकायला मला महिनोन् महिने लागले. रग्बी लीगमध्ये पडलात तर आपले बारा जण मैदानात असतात. रिंगमध्ये तुम्ही आणि पंचाचे दहा आकडे. दोन्हीकडे ताकद पायातूनच येते, पण एकटेपणाची सवय रिंगच लावते. म्हणून जुने बॉक्सर मुलांना शिकवताना आवाज चढवत नाहीत, असं मी पाहिलंय. तुमचे आजोबा तसे होते का? असतील तर तेवढं सांगा.

आणि मुलीला विचारा, ग्लोव्ह्जची नाडी बांधताना आजोबा तिला काय म्हणायचे. तिच्याच शब्दांत लिहून घ्या, सुधारू नका. भाषणाची सुरुवात तिथूनच करा. तिला तुमच्याशेजारी उभं राहायचं असेल, तर राहू द्या.