सासू म्हणजे नवऱ्याचीच आई, की बायकोचीसुद्धा?

दोघींनाही सासूच म्हणतात. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द नाहीत. मूळ संस्कृत 'श्वश्रू', त्यावरून सासू. अनेकवचन सासवा, मात्र विभक्तीत सासूला, सासूने असं चालतं.

फरक पडतो तो बोलण्यात. नुसतं 'सासू' हे नात्याचं नाव आहे, हाक नव्हे. तोंडावर कुणी 'अहो सासू' म्हणत नाही. तिऱ्हाइताशी बोलतानाही 'माझ्या सासूबाई आल्यात' असं आदरार्थी अनेकवचन वापरावं. 'माझी सासू आली' हे कानाला रुक्ष लागतं, निदान मला तरी. समोरासमोर हाक बहुतेक घरांत 'आई' अशीच असते. ग्रामीण भागात सून 'आत्या' किंवा 'आत्याबाई' म्हणते आणि जावई 'मामी' म्हणतो. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण मामाची मुलगी करण्याची जुनी रीत त्या हाकांमध्ये जपली गेली आहे: अशा लग्नात मुलीची सासू खरोखर तिची आत्या असते आणि मुलाची सासू त्याची मामी.

जोडीदाराची आजी ती आजेसासू, मावशी ती मावससासू, काकू ती चुलतसासू. सुनेची आई मात्र तुमची विहीण. तिथे सासू शब्द लावू नका.

लिहिताना एक सांभाळा: 'सासू', 'सासूबाई' यांत सू दीर्घ, पण 'सासुरवास', 'सासुरवाडी' यांत सु ऱ्हस्व.