मानवी हक्क आयोगाकडे तक्रार

प्रश्न : सरकारी कार्यालयात माझ्या दिव्यांग भावाला अपमानित करून परत पाठवले. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येईल का?

उत्तर : येईल, कारण लोकसेवकाने केलेले हक्कांचे उल्लंघन आयोगाच्या कक्षेत येते, मात्र १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यानुसार घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही. शुल्क नाही, वकिलाची सक्तीही नाही. अर्जात संतापापेक्षा तपशील हवा : तारीख, वेळ, खिडकी क्रमांक, कर्मचाऱ्याचे पदनाम, उच्चारलेले नेमके शब्द आणि परत केलेल्या अर्जाची प्रत. साक्षीदारांना बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगाला असले, तरी शेवटी तो भरपाईची किंवा कारवाईची शिफारस शासनाकडे करतो.