फटाक्यांना घाबरणारा चिकू : दिवाळीला तीन आठवडे उरलेत, तेवढ्यात काय करता येईल

ताई, पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. चिकू हा तुमचा कुत्रा, दोन वर्षांचा, इंडी म्हणजे आपला देशी, पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन बसला, थरथरत होता, जेवला नाही, घरात शू केली. सासूबाई म्हणतात जवळ घेऊ नकोस, लाडावेल. शेजारचे काका म्हणतात गच्चीवर नेऊन चार सुतळी बॉम्ब ऐकवा, भीड चेपेल. आणखी कुणी तरी माणसांची झोपेची अर्धी गोळी सुचवली आहे. शिवाय पाहुणे आले की तो अंगावर उड्या मारतो, त्यावरही उपाय हवाय.

काकांचा सल्ला सगळ्यात आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत घातक आहे. आवाजाची भीती जबरदस्तीने ऐकवून जात नाही, उलट दर खेपेला पक्की होत जाते. पळायला वाट नाही आणि आवाज थांबत नाही, अशा वेळी काही कुत्री अगदी शांत बसतात. लोकांना वाटतं, सवय झाली. खरं तर तो गोठलेला असतो. पुढच्या वर्षी तोच कुत्रा सायलेन्सरचा फट् आवाज, कुकरची शिट्टी, आपटलेलं दार अशा सगळ्यालाच दचकायला लागतो. आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४०,००० च्याही पुढचं. रॉकेटची शीळ त्याच्या कानात आपल्यापेक्षा कितीतरी वेगळी पोचत असणार, ही कल्पना काकांना जरूर द्या.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, पण चिकू जवळ आला तर त्याला जवळ घ्या. बक्षीस दिल्याने वागणं वाढतं, हे खरं. उडी मारल्यावर बिस्कीट मिळालं तर उड्या वाढतील. पण भीती हे काही त्याने ठरवून केलेलं वागणं नाही. पाठीवरून हात फिरवल्यामुळे कुणी जास्त घाबरायला लागत नाही. फक्त दोन पथ्यं पाळा. तो पलंगाखाली किंवा बाथरूममध्ये बसला असेल तर ओढून बाहेर काढू नका, तुम्हीच जाऊन जवळ जमिनीवर बसा. आणि "अरे बापरे, काय झालं माझ्या सोन्याला" असा घाबरा सूर लावू नका. संथ, लांब हात फिरवा, थोपटणं नको. त्याने मान फिरवली, ओठ चाटले, भूक-झोप नसताना जांभई दिली किंवा डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, तर हात काढून घ्या. "आत्ता नको" असं तो सांगतोय.

बाथरूम त्याने उगाच निवडलेलं नाही. तिथे बहुतेक मोठी खिडकी नसते, चहूबाजूंनी भिंत असते, फरशी गार असते. त्यामुळे जागा त्याचीच ठेवा आणि तीच सुधारा. त्याची जुनी, न धुतलेली गोधडी तिथे अंथरा, पाण्याचं भांडं ठेवा, दार उघडं राहील असं पाहा. ही तयारी आजपासून करा आणि रोज त्याला तिथेच काहीतरी चांगलं खायला द्या, म्हणजे ती जागा फक्त संकटात लपायची राहणार नाही. दिवाळीच्या दिवसांत घराच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कारण उजेडाचा झोतही त्याला आवाजाची आगाऊ सूचना देतो. टेबल फॅन किंवा कूलर बाथरूमच्या दाराबाहेर लावून ठेवा. तो एकसुरी घूं घूं आवाज बाहेरच्या आवाजाची धार कमी करतो. टीव्ही चालेल, पण बातम्या आणि क्रिकेट नको, आरडाओरडा असतो. स्कॉटलंडमध्ये २०१७ साली प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ग्लासगो विद्यापीठाबरोबर निवाऱ्यातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून पाहिलं, तेव्हा रेगे आणि सॉफ्ट रॉकला कुत्री जास्त निवांत दिसली. आमच्याकडे तंबोरा चालतो, तेही कुत्र्यापेक्षा माझ्यासाठी.

फिरायला नेण्याच्या वेळा हा महाराष्ट्रात वेगळाच घोळ आहे. परदेशातल्या व्हिडिओत सांगतात, अंधार पडायच्या आत फिरवून आणा. आपल्याकडे नरकचतुर्दशीला फटाके पहाटे, अभ्यंगस्नानाबरोबर सुरू होतात. त्या दिवशी नेहमीसारखं साडेपाचला खाली नेलंत तर जिन्यातच पहिली माळ ऐकू येईल. त्या दिवशी सकाळी दहा-अकरानंतर आणि मग दुपारी न्या. दुपारी रस्ता तापला असेल तर आधी हाताचा तळवा टेकवून पाहा. लक्ष्मीपूजनाला शेवटची फेरी चारच्या सुमाराला, आणि रात्रीची शू उरकायला फटाके थांबल्यावरच, तीही लीश लावून.

गळ्यातला पट्टा आणि हार्नेस म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, दोन्ही घाला, लीश दोन्हींना अडकवा. घाबरलेला कुत्रा मागे रेटा देऊन पट्ट्यातून मान काढून घेतो, आणि मग तो रस्ता बघत नाही. दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांच्या पोस्टची रांग लागते, त्यातली बरीच अशीच निसटलेली असतात. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा. फराळाला येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे दार सतत उघडं राहतं, म्हणून दाराच्या आत एखादं लाकडी गेट लावून ठेवा. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीचं दार त्या पाच दिवसांत बंदच. आणि फराळाची ताटं उंचावर. बेदाणे-मनुका, चॉकलेट आणि कांदा हे तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत. लाडवातले बेदाणे लोकांच्या लक्षातच येत नाहीत.

आता खाण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं की फटाक्यांच्या भीतीवर काय केलंत आणि कशाचा उपयोग झाला. हा अभ्यास २०२० साली छापून आला. आवाज झाला की लगेच खाऊ द्यायचा किंवा खेळ सुरू करायचा, हा उपाय करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त जणांनी गुण आल्याचं सांगितलं. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांचा आकडा ६९ टक्के. अंगाला घट्ट बसणाऱ्या जाकिटाचा ४४. फेरोमोनचे डिफ्यूजर (कुत्र्याला निवांत करणारा म्हणून विकला जाणारा गंध हवेत सोडणारं यंत्र), जडीबुटीची औषधं, होमिओपॅथी वगैरे २७ ते ३५ टक्क्यांत. मालकांनी स्वतः सांगितलेले हे आकडे आहेत, प्रयोगशाळेतली मोजमापं नव्हेत. तरी पैसे कुठे घालायचे याचा अंदाज येतो. महागडा डिफ्यूजर घेण्याआधी अर्धा किलो चिकन घ्या.

पद्धत अशी. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे डबीत भरून जवळ ठेवा. एरवी हे त्याला मिळता कामा नये. बाहेर लांबवर एक फटाका वाजला, की लगेच तुकडा खाली टाका. वाजला, तुकडा. वाजला, तुकडा. तो बसला, भुंकला, पळाला, काहीही केलं तरी तुकडा मिळणारच. "आधी शांत हो, मग देते" असं इथे नाही, कारण शिकवायचं आहे ते एवढंच की त्या आवाजापाठोपाठ चांगलं काहीतरी येतं. क्रम मात्र सांभाळा. आधी आवाज, मग खाऊ. उलटं झालं तर चिकन दिसलं की आता धमाका होणार, एवढंच तो शिकेल. दसऱ्यापासून अधूनमधून एखाददुसरा फटाका वाजतच असतो, तेवढ्यावर सराव सुरू करा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कदाचित तो चिकनकडे ढुंकूनही बघणार नाही. खायला नकार म्हणजे त्याची भीती फार वर गेलीय, मग तोंडाशी नेऊन आग्रह करू नका, नुसतं जवळ बसा. दुपारचं जेवण थोडं जास्त द्या, आणि ताकात किंवा दह्यात कालवलेला भात वाटीत घालून फ्रीझरमध्ये गोठवा. चाटत बसणं कुत्र्याला मुळातच शांत करतं.

जुना टी-शर्ट अंगाला घट्ट गुंडाळण्याची युक्ती फुकटची आहे, करून पाहा. पण एखाद्या शांत दिवशी. घातल्यावर तो पुतळ्यासारखा उभा राहिला तर तो शांत झालेला नाही, काढून टाका. कानात कापसाचे बोळे घालू नका.

गोळीचं. माणसांची झोपेची गोळी अजिबात नाही, अर्धी नाही की पाव नाही. काही कुत्र्यांत तिचा उलटा परिणाम होऊन ती जास्त बिथरतात, आणि माणसांच्या काही गोळ्या-सिरपांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विषारी आहे. पण म्हणून औषधच नको, असं माझं म्हणणं नाही. उलट, जो कुत्रा थरथरतो, जेवत नाही आणि घरात शू करतो, त्याच्यासाठी औषध शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणं मला क्रूर वाटतं. या आठवड्यात व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलॅम ही नावं तुमच्या कानावर येतील. कुठलं आणि किती, हे त्यांनी चिकूला तपासून ठरवायचं. तुम्ही तीन गोष्टी नक्की विचारा. आवाज सुरू होण्याच्या किती आधी द्यायचं, कारण घाबरून झाल्यावर दिलेली गोळी फारशी लागू पडत नाही. एखाद्या शांत दिवशी एक चाचणी डोस देऊन बघता येईल का. आणि सुचवलेलं औषध भीती कमी करतं की नुसतं अंग ढिलं करतं. एसप्रोमाझिन हे जुनं औषध एकटंच दिलं तर कुत्रा लोळागोळा होऊन पडतो, बघणाऱ्याला वाटतं निवांत आहे, पण आतून तो सगळं ऐकत असतो. ते सुचवलं तर डॉक्टरांना नम्रपणे पर्याय विचारा.

एक गोष्ट लोक विसरतात. दिवाळी एका रात्रीची नसते. वसुबारसेला चढलेला ताण भाऊबीजेपर्यंत पूर्ण उतरतच नाही, रोज थोडा थोडा साठत जातो. म्हणून त्या आठवड्यात आंघोळ, नखं कापणं, नवीन पाहुण्यांशी ओळख, यातलं काही नको. दुपारी त्याला झोपू द्या, मुलांनाही सांगून ठेवा.

कायद्याने म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवायला मनाई आहे, आणि चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाच्या फटाक्यांवर बंदी आहे. तक्रार जरूर करा, पण भरवसा सोसायटीच्या बैठकीवर ठेवा. फटाक्यांची एक जागा आणि एक वेळ ठरली, तर औषधाची वेळही ठरवता येते.

पाहुण्यांचं प्रकरण वेगळं आहे, म्हणून ते मी मागे ठेवलं. तिथे चिकू घाबरत नाही, त्याला आनंद आवरत नाही. इथे सासूबाईंचा नियम बरोबर बसतो. उडी मारली की लक्ष नाही, चारही पाय जमिनीवर आले की लक्ष. बेल वाजायच्या आधी लीश लावा, पाहुण्यांना सांगा की आल्याआल्या त्याच्याकडे बघू नका, आधी बसा. आणि आत येताना मूठभर कोरडं खाणं पायपुसण्यावर पसरा. नाक खाली गेलं की उडी आपोआप राहते. त्याला दमवायला म्हणून तासभर चेंडू फेकू नका, त्याने तो जास्तच चढतो. त्यापेक्षा हुंगत हुंगत, त्याच्या चालीने फिरवा.

खरं काम दिवाळीनंतर. फटाक्यांच्या रेकॉर्डिंगने सराव करा, पण मोबाइलवर नको. त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून धमाक्याचा खालचा, छातीत बसणारा आवाज येतच नाही, मग मोबाइलला सरावलेला कुत्रा खऱ्या बॉम्बला तसाच पळतो. चांगला, बेस असलेला स्पीकर घ्या, आवाज इतका बारीक की त्याचा फक्त कान हलेल, आणि बरोबर चिकन. पाच मिनिटं, बस. आठवड्याला किंचित वाढवा, तो थबकला की एक पायरी खाली या. ३१ डिसेंबर, लग्नाच्या वराती आणि क्रिकेटची मॅच जिंकल्याची रात्र कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा, त्या दिवशी सराव नाही.

पुणेकरांकडे तर फुकटची सोय आहे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव नदीकाठी संध्याकाळी रोज चालतो. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि अंतर तुमच्या हातात. जिथून ढोल नुसता घुमल्यासारखा ऐकू येतो आणि चिकू बिनधास्त खातो, तिथे उभे राहा, दहा मिनिटांत परत या. काही दिवसांनी वीस पावलं पुढे. ठोक्याची सगळी ताकद त्यात असते आणि तरी ते अचानक फुटत नाही, कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये ही सोय नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीला मात्र नेऊ नका, कितीही तयार झालेला असला तरी.

व्हेटकडे जाल तेव्हा एक गोष्ट तपासून घ्यायला सांगा. चिकू लहान आहे, पण जिना चढताना थांबतो का, सोफ्यावर चढायला कचरतो का, हे सांगा. ज्यांचे कुत्रे मोठे आहेत आणि आवाजाला अचानक घाबरायला लागलेत, त्यांनी तर हे नक्कीच विचारावं. दचकताना स्नायू ताठरतात, आधीच दुखणारा सांधा त्या क्षणी जास्त दुखतो, आणि कुत्रा ते दुखणं त्या आवाजाशी जोडून टाकतो. अशा कुत्र्याला आधी दुखण्यावरचं औषध लागतं. गेल्या वर्षीचा बाथरूममधला व्हिडिओ असेल तर सोबत न्या. दवाखान्याच्या टेबलावर तो घरच्यासारखा वागणार नाही, आणि त्या व्हिडिओवरून डॉक्टरांना डोस ठरवायला खूप मदत होईल.