नाकाबंदीत गेलेल्या हवालदारांबद्दल, त्या रात्री सोबत असलेल्या पोरीला

लेकी,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा तू रडत नव्हतीस, नुसती भरभर बोलत होतीस, आणि मला त्याचीच काळजी लागून राहिली. नाकाबंदीत वाळूच्या हायवानं, म्हणजे मोठ्या डंपरनं, हवालदार साहेबांना उडवलं तेव्हा तू सोबत ड्युटीवर होतीस; आता दहाव्याला त्यांच्या गावच्या शाळेत शोकसभा ठेवलीय, तुला दोन शब्द बोलायला सांगितलंय, काका काय बोलू, असं विचारलंस. फोनवर नीट सांगता येईना म्हणून हे टाईप करायला बसलोय. लांबेल. सगळं एका बैठकीत वाचलंच पाहिजे असं नाही, जमेल तसं वाच.

आधी भाषणाचं. वाघ, शूरवीर, ढाण्या हे सगळे शब्द चौकातल्या फ्लेक्सवर येऊन गेलेत, पुढारी अजून बोलतील, त्यांना बोलू दे. तुझ्याकडं जे आहे ते त्यातल्या एकाकडंबी नाही. दिवाळी झाली की आपल्याकडं तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात, मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं, तर हवालदार साहेब बीटमधल्या, म्हणजे त्यांना नेमून दिलेल्या हद्दीतल्या, प्रत्येक तांड्यावर चक्कर मारायचे, कोणत्या घरात कोण एकटं आहे, मुकादम कोण, टोळी कोणत्या कारखान्याला गेलीय, हे सगळं एका वहीत लिहून ठेवायचे. तूच सांगितलंयस मला. एखादी म्हातारी आजारी पडली तर त्या वहीतून फोन लावून तिच्या पोराला कळवायचे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कोणत्या रजिस्टरला त्याची नोंद नाही. हेच सांग शाळेत. आणि ते तापट होते, तंबाखू सुटत नव्हती, रिपोर्ट लिहिताना कुणी मधे बोललेलं खपायचं नाही, हेसुद्धा सांगितलं तरी चालेल, समोर बसलेल्या लोकांना तो माणूस ओळखीचा वाटला पाहिजे. गेलेल्या माणसाला देव केलं की लोक हात जोडून घरी जातात आणि चार दिवसात विसरतात, असं माझं मत आहे. ती वही मात्र त्यांच्या कपाटातून आजच मागून घे, ठाणे अंमलदारासमोर, नोंद करून. कपाट रिकामं करताना रद्दीत जायला वेळ लागत नाही. येत्या हंगामात ती वही तू चालवायचीस.

आता खरं महत्त्वाचं. तू या केसमधली प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहेस. सलामी, तीन फैरी, शोकशस्त्र, बिगुल, सगळं झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं, मातीला अख्खा तालुका लोटला होता तेही चांगलं झालं. पण त्यांना न्याय मिळणार की नाही ते तुझ्या जबाबावर ठरणार आहे आणि हे तुला आत्ता कुणी सांगणार नाही कारण सगळे बंदोबस्तात आणि सांत्वनात गुंतलेत.

बचाव काय असणार ते मी तुला आजच सांगतो. अपघात होता, अंधार होता, बॅरिकेड दिसलं नाही, हायवात वाळू भरलेली होती, ब्रेक लागला नाही. भारतीय न्याय संहितेतलं खुनाचं कलम १०३ कुठं आणि निष्काळजीपणाचं १०६ कुठं, एकात जन्मठेप नाहीतर फाशी, दुसऱ्यात जास्तीत जास्त पाच वर्षं. या दोन्हीमधलं जे अंतर आहे ना ते तुझ्या डोळ्यांनी बघितलेल्या बारक्या गोष्टींवर भरलं जाणार आहे. रिफ्लेक्टर जॅकेट अंगात होतं का. बॅटरीचा उजेड ड्रायव्हरच्या तोंडावर पडला होता का. शिट्टी किती लांबून मारली. गाडी आधी स्लो झाली आणि मग रेस केली, का पहिल्यापासून एकाच स्पीडनं आली. बॅरिकेडच्या बाजूनं निघायला जागा होती का, असून त्यानं स्टेअरिंग माणसाकडं वळवलं का. धडकेनंतर थांबला का. आरटीओचा तपासणी अहवाल येईल, ब्रेक कसे होते ते त्यात कळेल, घटनास्थळाचा पंचनामा आहे, पण गाडी रेस केल्याचा आवाज पंचनाम्यात येत नाही, तो तुझ्या कानात आहे.

म्हणून आज रात्री एक कोरी वही घे आणि आठवतंय ते सगळं लिहून काढ, वेळेसकट, कोण कुठं उभं होतं त्याचा कच्चा नकाशासुद्धा काढ. जे दिसलं नाही तिथं दिसलं नाही असं लिही. हे फार जपायचं बघ. दुःखात माणसाला वाटतं साहेबांसाठी थोडं वाढवून सांगावं, ड्रायव्हर हसत होता म्हणावं, शिवी दिली म्हणावं. नको. एक वाक्य वाढवलंस आणि उलटतपासात वकिलानं ते पकडलं की तुझी बाकीची नव्याण्णव खरी वाक्यंसुद्धा संशयात जातात. मी कोर्ट पैरवीला, म्हणजे ठाण्याच्या केसेस कोर्टात सांभाळायला, होतो तेव्हा हे नजरेसमोर होताना बघितलंय, चांगल्या चांगल्या केसेस अशानं गेल्यात. तपासी अंमलदारांनी बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १८० खाली जबाब घेतलाच असेल, तो वाचून बघायला माग, काही राहिलं असेल तर पुरवणी जबाब आत्ताच होऊ दे, कारण जी गोष्ट जबाबात नाही आणि दोन वर्षांनी कोर्टात पहिल्यांदा निघते तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मॅजिस्ट्रेटपुढं १८३ खाली जबाब नोंदवायचा का हेही त्यांना विचार.

आणि मोबाईल. तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर म्हणे धरलेल्या ड्रायव्हरचे फोटो फिरायलेत, तुझ्याही बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेत. तू उघडले नसतील अशी आशा करतो. तू त्याला बॅटरीच्या उजेडात दोन सेकंद बघितलंयस, म्हणजे ओळख परेड लागणार, चार माणसांत उभा करून तुला त्याला ओळखायला सांगणार, जेलमध्ये नायब तहसीलदार येऊन घेतील. त्याच्याआधी तू फोटो बघितलास तर त्या ओळखीला काही किंमत राहत नाही, वकील एवढंच विचारेल, फोटो बघितला होता का. ग्रुप सगळे म्यूट कर, फोटो येण्याचं बंद होत नसेल तर सरळ बाहेर पड, आणि एखादा नजरेला पडलाच असेल तर लपवू नको, तपासी अंमलदाराला तसं सांग. त्या फोटोखाली काय काय लिहितात तेही मला माहीत आहे. याला इथंच ठोका, कोर्टात कशाला न्यायचा. तरुण पोरांचं रक्त आहे, मला समजतं, माझंही सळसळलं ऐकून.

पण एक गोष्ट लक्षात ठेव. २००८ ला गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे साहेबांनी हातात बंदूक नसताना कसाबच्या एके ४७ ची नळी धरली, पोटात गोळ्या घेतल्या पण नळी सोडली नाही. आपल्यासारखेच खालून आलेले, साताऱ्याकडच्या खेड्यातले, सहायक उपनिरीक्षक. त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या पोलिसांनी आपला माणूस डोळ्यासमोर पडताना बघितला आणि तरीही कसाबला जिवंत ताब्यात दिला. मग खटला चालला, साक्षी झाल्या, २०१० ला शिक्षा लागली, २०१२ ला फाशी झाली, आणि ओंबळे साहेबांनी नेमकं काय केलं ते कोर्टाच्या कागदावर कायमचं नोंदलं गेलं. अशोक चक्र २००९ ला मिळालं, ते मोठंच आहे, पण मला विचारशील तर त्या रात्री सोबतच्यांनी जे आवरलं तीसुद्धा मानवंदनाच होती. आपल्या हवालदारांचा मारेकरी कोठडीत एका ओरखड्यासकट जरी निघाला तर उद्या बातमी त्याची होईल, ह्यांची राहणार नाही.

शिवाय तो ड्रायव्हर कोण? बावीस चोवीस वर्षांचं पोरगं असेल, ट्रिपवर पैसे मिळणारं. त्यानं जे केलं त्याची शिक्षा त्याला मिळालीच पाहिजे, त्यात मला काही दयामाया नाही. पण गोदावरीच्या पात्रात वाळू उपसायला रात्री पोकलेन मशीन लावणारा, बिनानंबरची हायवा रस्त्यावर सोडणारा, नाका लागला तर थांबायचं नाही असं फोनवर सांगणारा माणूस घरी झोपलाय. तपास त्याच्यापर्यंत गेला पाहिजे. ड्रायव्हरच्या फोनचा सीडीआर, म्हणजे कुणाकुणाला कॉल झाले त्याची यादी, हायवाचा मालक, वाळू कुठं उतरायची होती, हे सगळं. तू तपासी अंमलदार नाहीस, तुझ्या हातात एवढंच आहे की त्या गाडीच्या पुढं मागं कोणती बोलेरो, कोणती मोटारसायकल फिरत होती, कुणी लोकेशन देत होतं का, हे आठवत असेल तर तेही वहीत येऊ दे.

हवालदारांच्या घरी वहिनींकडं जात राहा. आत्ता घर भरलेलं आहे, तेराव्यानंतर रिकामं होईल, तेव्हा जा. तू म्हणालीस दहाव्याला बायका बांगड्या फोडायचं, कुंकू पुसायचं म्हणायल्यात आणि वहिनी गप्प बसून ऐकायलीय. तिला एकांतात विचार तुला काय पाहिजे. ती नको म्हणाली तर तिच्या बाजूला वर्दीत उभी राहा. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव घेतला की ही विधवा प्रथा बंद, त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. सासू म्हातारी आहे, तिचाही लेक गेलाय, तिला कायदा सांगत बसू नको, तिच्याजवळ बसून हळू बोल. ज्या माणसाला तीन फैरींची सलामी दिली त्याच्या बायकोला भरल्या घरात कोपऱ्यात बसवायचं हे मला बिलकुल पटत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो, हे काम आपल्या ऑफिसच्या क्लार्कचं आहे पण कुणीतरी मागं लागल्याशिवाय होत नाही. मृत्यू दाखला जास्तीच्या कॉपी काढून घ्या, एफआयआर आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्टच्या सही शिक्क्याच्या नकला घ्या. सेवापुस्तकात नामनिर्देशन कुणाचं आहे ते बघा, भरतीच्या वेळी आईचं टाकलेलं असतं आणि लग्नानंतर बदलायचं राहून गेलेलं असतं. ते २००५ नंतरच्या भरतीतले, त्यांच्या निवृत्तीवेतनाचं गणित वेगळं, कोणता पर्याय भरायचा ते ट्रेझरीतून नीट समजून घ्या. गटविमा, सानुग्रह अनुदान, पगार खात्यावर बँकेचा अपघाती विमा असतो तोसुद्धा, त्याच्या क्लेमला मुदत असते आणि ती बरेचदा निघून जाते. अनुकंपावर, म्हणजे बापाच्या माघारी, नोकरी मिळायची ते पोरगं अजून दहावीत आहे, अर्ज कधी आणि कुणाच्या नावानं करायचा ते एसपी ऑफिसमधून लेखी घ्या, तोंडी कायबी घेऊ नका. वहिनींच्या सहीला कागद आला की आधी वाचून दाखवायचा, कोरा कागद असेल तर सही नाही, घरातल्यानं आणला असला तरी नाही. पैसे आले की घराघरात काय होतं ते आपण ठाण्यात रोज बघतो. कायद्यानं बायको, लेकरं आणि आई यांचा वाटा आहे, म्हातारीलाही डावलू नका.

आता तुझं. झोप लागत नाही, डंपरचा आवाज आला की छातीत धडधडतं, आणि सारखं वाटतं त्यांच्या जागी मी पुढं गेले असते तर. लेकी, तू त्यांनी सांगितलेल्या जागी उभी होतीस. नाक्यावर पुढं कुणी व्हायचं ते सीनियर ठरवतो आणि त्यांनी ठरवलं होतं. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी नवीन होतो, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाचा बंदोबस्त संपवून आडवं व्हायलो तोच पहाटे जमीन हलली आणि तसंच गाडीत बसून गेलो. माणसं, लेकरं, दगडमातीखालून काढली. परत आल्यावर आम्हाला कुणी विचारलं नाही बाबा तू कसा आहेस. कुणी दारूला लागलं, कुणी घरी बायकापोरांवर हात उचलायला लागलं, एकजण विसर्जनाचा ढोल वाजला की ठाण्यातून उठून बाहेर जायचा, शेवटपर्यंत. तेव्हा नाव नव्हतं त्याला, आज आहे, उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, फोनवर बोलायचं तर टेली मानसचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सिक रिपोर्ट करायला लाजू नको. आठ दिवस घरी माईजवळ जा. आणि नाइट नाकाबंदी महिनाभर नको असं साहेबांना स्वतः सांग, नाही जमलं तर मला सांग, मी बोलतो.

२१ ऑक्टोबरला मुख्यालयात स्मृतिदिनाची परेड होईल. १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा जवान गेले, तेव्हापासूनचा तो दिवस आहे, देशभरात वर्षभरात गेलेल्या पोलिसांची नावं वाचतात. नावं खूप असतात, उन्हात उभं राहून ऐकताना पोरं पाय बदलतात. यंदा आपल्या हवालदारांचं नाव त्यात आहे का, बरोबर लिहिलंय का, बक्कल नंबर, पद, ठाणं, हे आधी तपासून घे. वहिनी आणि पोराला परेडला आणायला गाडी लागेल, ती आत्ताच सांगून ठेव, आदल्या रात्री धावपळ नको. दिल्लीला चाणक्यपुरीत २०१८ ला राष्ट्रीय पोलीस स्मारक झालंय, तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यापासून गेलेल्या पोलिसांची नावं कोरलेली आहेत, पोरगं थोडं मोठं झालं की त्याला एकदा दाखवून आणू, खर्चाचं मी बघतो.

खटला वेळ खाईल. जामिनाचे अर्ज येतील, तारखा पडतील, तुझी बदली होईल, समन्स नव्या ठाण्यावर पोचणार नाही. म्हणून केस नंबर आणि सरकारी वकिलांचा नंबर आपल्याजवळ ठेव आणि तारखेची चौकशी स्वतः करत जा. मधल्या काळात गावातले, नात्यातले, कुणाचेतरी भाऊ येऊन सांगतील मिटवून घ्या, पोराचं भविष्य आहे. पंच फितूर होतील, तेही होईल. साक्षीच्या आदल्या दिवशी तू आठवणी लिहिलेली ती वही काढून शांतपणे वाच आणि जा.

दहाव्याचं भाषण लिहून झालं की मला पाठव, एकदा बघून देतो. रविवारी मी येतोय गावी, सकाळच्या एसटीनं, उतरलो की फोन करतो, मग दोघं मिळून वहिनींकडं जाऊ. सेवापुस्तकाचं काय झालं ते तोपर्यंत क्लार्कला विचारून ठेव.

तुझे काका