‘ॲव्हरेज केलं’ म्हणण्याआधी

प्रिय मित्रा,

बाजार पडायला लागल्यापासून तुझ्या मेसेजमध्ये ‘डिप’ (उतरलेला भाव), ‘ॲव्हरेज’ आणि ‘आता लाँग टर्म’ हे शब्द वाढलेत. ही बोली सगळेच बोलतात. फक्त शब्द तोंडात आला की विचार: मी कोणती ऑर्डर टाकतोय, आणि कोणती टाळतोय?

‘ॲव्हरेज केलं’, म्हणजे पडलेल्या भावात आणखी घेऊन सरासरी खाली आणली, हा त्यातला सगळ्यात महागडा. समज, २०० रुपयांनी १०० शेअर घेतलेस, भाव १५०वर आला आणि आणखी १०० घेतलेस. सरासरी १७५. मुद्दल सुटायला आता ३३ऐवजी १७ टक्केच चढ लागणार, म्हणून बरं वाटतं. पण एकाच कंपनीत २०,०००च्या जागी ३५,००० अडकले. भाव १२०वर गेला तर तोटा ८,०००ऐवजी ११,००० होईल. म्हणून एका कंपनीत एकूण किती घालायचे, ते पहिल्या खरेदीआधीच ठरवून दोन-तीन हप्ते पाड. पुढचा हप्ता घालण्यापूर्वी तिमाही निकाल, कर्ज आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर तपास. नुसता भाव उतरला, हे खरेदीचं कारण होत नाही.

दोन दिवसांसाठी घेतलेला शेअर पडला की ‘लाँग टर्म’ होतो, ही तर जुनीच खोड. निम्मा झालेला भाव मूळ जागी यायला दुप्पट व्हावा लागतो, एवढं लक्षात ठेव. वेळेवर विकणाऱ्याला ‘पेपर हँड्स’ म्हणून हिणवतात. हिणवू देत. त्याचं भांडवल तरी हातात राहतं.

‘सर्किट लागलं’ याकडे मात्र नीट बघ. शेअरला २, ५, १० किंवा २० टक्क्यांचा बँड असतो, म्हणजे भाव एका दिवसात तेवढाच वर-खाली जाऊ शकतो; ती हद्द गाठली की सर्किट (ज्यांचे वायदे, म्हणजे फ्युचर्स चालतात, अशा शेअरना असा ठरलेला बँड नसतो). ५ टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे खालची हद्द, सलग पाच दिवस लागलं तर १००चा भाव ७७वर येतो. विकणाऱ्यांची रांग लागलेली असते, घेणारा कुणी नसतो आणि तुझी ऑर्डर तशीच पडून राहते. तिथे स्टॉप लॉसचाही, म्हणजे भाव ठरल्याइतका पडला की विकायच्या ऑर्डरचाही, उपयोग नाही. एरवीही ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) ९५, लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही) ९४.५० लावलंस आणि सकाळी भाव थेट ९२वर उघडला, तर ऑर्डर जागी होईल, पण भाव पुन्हा ९४.५०वर येईपर्यंत सौदा होणार नाही. शिवाय साधी ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकावी लागते.

अशा शेअरमध्ये वाचवते ती फक्त मुळात कमी घेतलेली संख्या. दिवसाला ५,००० शेअरची उलाढाल असेल आणि तुझ्याकडे २,००० असतील, तर घाईत बाहेर पडताना भाव तूच पाडशील. ‘ऑपरेटरचा (भाव मुद्दाम खेळवणाऱ्याचा) माल आहे, चढेल’ अशी टिप नेमकी याच शेअरची येते, कारण कमी उलाढालीत भाव चढवणं सोपं असतं. चढवणारा विकायला लागतो, तेव्हा घेणारे टिप ऐकून आलेलेच असतात.

तुझ्याकडच्या प्रत्येक शेअरचा बँड एनएसई या शेअर बाजाराच्या साइटवर दिसेल. तो आणि महिन्याभरातली सरासरी उलाढाल एका कागदावर लिही. नवी खरेदी त्यानंतर.

तुझा,
काका