३५ तासांनंतरचा अभ्यास

प्रिय,

पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेसाठीच्या ऑनलाइन कोर्सचे ३५ तास भरले, प्रमाणपत्र हातात आलं, आता महिन्याभरात परीक्षा देऊन टाकावी का, असं तू विचारलं आहेस. खरं सांगू? ते ३५ तास ही अर्जाची अट आहे. अभ्यास अजून सुरूच व्हायचाय.

मीही हीच गल्लत केली होती. दीडपट वेगाने व्हिडिओ पाहिले, रंगीत पेनांनी टिपणं काढली (ती वही अजून आहे, दिसायला सुरेख!) आणि पहिल्या खेपेला नापास झाले. अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षभरात तीन प्रयत्न मिळतात म्हणून निभावलं. फी मात्र पुन्हा भरावी लागली.

मला आडवा आला तो नोकरीतला अनुभव. समज, टीममधला एक जण सलग दोन आठवडे काम वेळेत देत नाही. त्याच्या वरिष्ठांना कळवायचं, दुसरा माणूस मागायचा, वेळापत्रक सरकवायचं, की आधी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं? ऑफिसात आपण सवयीने वर मेल टाकतो. परीक्षेत आधी कारण समजून घेणं अपेक्षित असतं. चारही गोष्टी कधी ना कधी कराव्या लागतात. ‘सर्वप्रथम काय कराल’ असं विचारलं की खरा प्रश्न क्रमाचा असतो.

म्हणून रोज थोडे सराव प्रश्न सोडव आणि चुकांची वही ठेव. तीत बरोबर उत्तर उतरवून घेऊ नकोस. चुकीचा पर्याय आपल्याला का पटला, ते एका ओळीत लिही. ‘शेवटची ओळ वाचलीच नाही.’ ‘बदलाची विनंती मंजूर होण्याआधीच कामाला लागले.’ ‘अजाइल टीमला मॅनेजरने कामं वाटून दिली, तेच बरोबर वाटलं.’ (अजाइल म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत; तिथे टीम आपली कामं स्वतःच वाटून घेते.) अंदाजाने बरोबर आलेली उत्तरंही त्यात घाल, तिथे आपण स्वतःला फसवतो. काही दिवसांनी तीच तीन-चार कारणं फिरून फिरून येताना दिसतील.

सूत्रांचा बाऊ करू नकोस. झालेल्या कामाचं मूल्य भागिले प्रत्यक्ष खर्च हे उत्तर एकाच्या खाली आलं, तर पैसे जास्त जातायत. एवढं उमगलं की बाकीची सूत्रं फारशी छळत नाहीत.

पीएमआय, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, परीक्षेचा आराखडा अधूनमधून बदलते. तुझा कोर्स कोणत्या आराखड्यावर बेतलाय, ते तारीख घेण्याआधी तपास. २०२१च्या आराखड्यात १८० प्रश्न २३० मिनिटांत होते आणि जवळपास निम्मा भाग अजाइल किंवा हायब्रिड (अजाइल आणि पारंपरिक यांची सरमिसळ) पद्धतींचा. निदान दोन सराव परीक्षा एका बैठकीत, पूर्ण वेळ लावून दे. विश्रांती घेतली की आधीच्या प्रश्नांकडे परतता येत नाही, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा काहीही कोरं सोडू नकोस. घरून देणार असशील तर पुटपुटत वाचायची सवय आत्ताच मोड. पर्यवेक्षक टोकतात.

पहिली सराव परीक्षा झाली की वहीची दोन पानं फोटो काढून पाठव. गुण नाही कळवलेस तरी चालेल.

तुझी,
ताई